अख्खं गाव एका सातबाऱ्यावर

मामा कुठल्याही घरात शिरले की आधी वर बघतात, माणसांकडं नंतर. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. आमच्या स्विंडनच्या घरी आले तेव्हा बूट काढायच्या आधी त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली आणि "पुठ्ठा आहे गं," असा निकाल देऊन टाकला. पुढचे दहा दिवस मी त्यांना लंडन दाखवलं, बाथ दाखवलं. बकिंगहॅम पॅलेसपुढं ते पाच मिनिटांत कंटाळले. "झेडपीच्या इमारतीसारखं दिसतंय," म्हणाले. मग एका मंगळवारी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी त्यांना लेकॉकला नेलं.

लेकॉक हे विल्टशर परगण्यातलं खेडं. चिपनम गावापासून तीनेक मैलांवर, एव्हन नदीच्या काठी. शेक्सपिअरच्या गावची ती एव्हन निराळी. इंग्लंडात एव्हन नावाच्या बऱ्याच नद्या आहेत, कारण तिथल्या जुन्या भाषेत एव्हन म्हणजेच नदी. रोमन, सॅक्सन असे बाहेरून आलेले लोक विचारायचे हिचं नाव काय, आणि स्थानिक सांगायचे, नदी. असं काहीतरी झालं असावं. लेकॉक हे नावही पाण्यावरूनच पडलंय. छोटा ओढा असा त्याचा अर्थ सांगतात, आणि ओढा आहेही. चर्चच्या पलीकडं तो रस्त्यावरून वाहतो. गाड्या पाण्यातून जातात आणि माणसांसाठी बाजूला दगडी साकव आहे, एका वेळी एक लादलेलं घोडं जाईल एवढ्या रुंदीचा.

गाव म्हणजे चार रस्ते. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट. चौकोनात फिरून पुन्हा निघालो तिथं यायला पंधरा मिनिटं लागतात. मी तिथं पाहुण्यांना घेऊन आठ-दहा वेळा तरी गेले असेन. फोटो काढायचे, स्कोन खायचा, घरी यायचं. त्या दिवशी आम्ही गावात सहा तास होतो.

गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावून आत शिरलो आणि मामा थांबले. वर बघत.

"वायरी कुठायत?"

वायरी जमिनीखाली आहेत. विजेचे खांब नाहीत, छपरांवर अँटेना नाहीत. त्यामुळं जुन्या काळच्या मालिका आणि सिनेमे काढणाऱ्यांची इथं कायम ये-जा असते. डांबरावर माती पसरली आणि दुकानांच्या पाट्या बदलल्या की अठरावं शतक तयार. मामांना सिनेमात रस नव्हता. त्यांना खांब नसल्यावर नजर कशी सरळ छपरापर्यंत जाते, याचं अप्रूप वाटत होतं. छपरं दगडी चिपांची आहेत. चुनखडीचा दगड पातळ फोडून त्याच्या फरश्या कौलांसारख्या रचलेल्या. वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडं जाता जाता लहान होत गेलेल्या. या छपराचं ओझं प्रचंड असतं. "म्हणून आढं बसलंय बघ," मामा म्हणाले. खरंच, ज्याच्या फोटोसाठी पर्यटक लांबून येतात तो छपरांचा बाक म्हणजे पाच-सहाशे वर्षं ओझं वाहून दमलेलं लाकूड आहे.

हाय स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार आहे. त्याला इथं टाइद बार्न म्हणतात. टाइद म्हणजे दशांश. पिकवाल त्याचा दहावा हिस्सा धर्माला द्यायचा. धान्य, कातडी, लोकर, जे असेल ते. लेकॉकमध्ये तो गावच्या मठाला जायचा आणि या कोठारात साठायचा. "म्हणजे सरदेशमुखी," मामा म्हणाले. टक्केवारी तीच, दहा. वसूल करणारा तेवढा वेगळा.

आतमध्ये काहीच नाही. मातीची जमीन, जाड दगडी भिंती, दोन्ही अंगांना मोठाली दारं आणि वर लाकडांचं रान. माझे आधीचे सगळे पाहुणे आत डोकावून दोन मिनिटांत बाहेर आले होते. मामा आत गेले आणि खण मोजायला लागले. खण हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आजोळचं घर बारा खणांचं होतं हे मला पाठ होतं, पण खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा हे मी त्या दिवशी, विल्टशरमध्ये, शिकले. इंग्लंडातली जुनी घरंही अशीच खणांनी मोजतात. दोन खणी, तीन खणी. लांब लाकूड मिळायचं तेवढंच, दोन्हीकडं.

"खिळा दिसतोय का कुठं?" मामांनी विचारलं. दिसत नव्हता. एका लाकडात भोक, दुसऱ्याची जीभ त्यात बसवलेली, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली ओकची खुंटी. ओक ओला असताना कापायचा आणि ओला असतानाच सांधायचा. मग तो सुकत जातो तसा आखडतो आणि सांधा आपोआप घट्ट होत जातो. आपल्या सागवानाचं उलटं, मामा म्हणाले. साग वर्षानुवर्षं मुरवून मग वापरायचा. एवढं सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प उभे होते.

कोठाराला लागून घुमटीसारखी एक दगडी कोठडी आहे, अठराव्या शतकातली. दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना रात्रभर तिच्यात कोंडायचे. खिडकी नाही म्हणून या भागात अशा कोठडीला आंधळं घर म्हणतात. मामांनी दार लोटून पाहिलं, लागलेलं होतं.

चर्च स्ट्रीटवर एक घर आहे, क्रक हाउस म्हणून. त्याची एक भिंत उघडी असल्यासारखीच आहे; हाडं दिसतात. वाकडं वाढलेलं झाड निवडायचं, ते उभं चिरायचं, आणि ते दोन अर्धे एकमेकांसमोर उभे केले की एक कमान होते. अशा कमानी उभ्या करून त्यावर आढं टाकलं की घराचा सांगाडा तयार. भिंतींवर भारच नाही. भिंती मग कशानंही भरा. इथं त्या हेझलच्या फोकांच्या विणून वर माती, शेण, पेंढा लिंपून भरायचे. मामा खुद्कन हसले. "कूड की गं हा!" आमच्याकडं घाटात कारवीच्या काठ्या, इकडं हेझल. शेण दोन्हीकडं सारखंच. इंग्लंडला आल्यापासून मामांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आता हे गाव झालं कसं, ते सांगायला हवं. १०८६ सालच्या नॉर्मन राजाच्या पाहणीत लेकॉकची नोंद आहे, पण आज दिसतं ते गाव एका बाईमुळं आहे. तिचं नाव एला. सॉल्झबरीच्या उमरावाची ती एकुलती मुलगी. बाप गेला तेव्हा ती लहान होती, आणि जहागीर तिच्या नावावर आली. रिचर्ड राजानं तिचं लग्न आपल्या अनौरस भावाशी, विल्यम लॉन्जस्पेशी लावून दिलं. १२२६ मध्ये तो वारला. एलानं पुन्हा लग्न करायचं नाकारलं, विल्टशरची शेरीफ म्हणून स्वतः काम पाहिलं, आणि १२३२ मध्ये लेकॉकला जोगिणींचा मठ स्थापला. पुढं ती स्वतःच त्यात दाखल झाली आणि मठाची प्रमुख झाली. १२२५ च्या मॅग्ना कार्टाची विल्टशरसाठी काढलेली प्रत याच मठात राहिली आणि विसाव्या शतकापर्यंत तिथंच होती. राजानं कसं वागावं हे लिहून दिलेला कागद बायकांच्या मठात जपून राहावा, याची मला मोठी गंमत वाटते.

मठाच्या आधारानं बाजार भरू लागला, जत्रा भरू लागली. मग लोकर आली. मेंढ्या, विणकर, लंडनहून पश्चिमेकडं जाणारा रस्ता. आजची दगडी आणि लाकडी घरं बरीचशी त्या पैशातली. सेंट सिरिअक चर्चही त्याच पैशानं मोठं झालं. सिरिअक हा संत म्हणजे आईबरोबर मारला गेलेला एक लहान मुलगा. या चर्चकडं पंधराव्या शतकातला चांदीचा, सोन्याचं पाणी दिलेला एक प्याला होता. मुळात मेजवानीतला दारूचा प्याला, पुढं शेकडो वर्षं प्रार्थनेच्या वेळी वापरला गेलेला. २०१३ मध्ये गावानं तो ब्रिटिश म्युझियम आणि विल्टशर म्युझियमला मिळून तेरा लाख पौंडांना विकला. इमारतीच्या दुरुस्तीला पैसा हवा होता. विकावा की नाही यावर बरंच रण माजलं होतं. मामांचं मत स्पष्ट होतं. "छप्पर गळत असलं तर देवाचं भांडं विकायला हरकत नाही. भांडं काय, उन्हातही राहतं."

मग आठवा हेन्री. त्यानं देशभरातले मठ खालसा केले, त्यात १५३९ मध्ये लेकॉकही गेला. पुढच्या वर्षी विल्यम शॅरिंग्टन नावाच्या माणसानं मठ ७८३ पौंडांना विकत घेतला. हा एक नमुनाच होता. ब्रिस्टलच्या टांकसाळीचा तो अधिकारी; नाण्यांत खोट मिसळून त्यानं भरपूर पैसा केला, राजकीय कटातही अडकला, पकडला गेला, माफी मागून सुटला आणि जप्त झालेली मिळकत पैसे भरून परत मिळवली. आपल्याकडं असा माणूस पुढं आमदार झाला असता. पण शॅरिंग्टनला बांधकामाची समज होती. त्यानं मठाचं चर्च पाडलं, मात्र ओवऱ्या पाडल्या नाहीत. मधल्या चौकाभोवतीच्या त्या दगडी कमानींच्या ओवऱ्या, जोगिणींची सभेची खोली, शेकोटीची खोली, हे सगळं खाली तसंच ठेवलं आणि वरच्या मजल्यावर आपलं घर थाटलं. कोपऱ्यावर एक अष्टकोनी बुरूज बांधला. शेकोटीच्या खोलीत आज एक अवाढव्य कढई आहे, १५०० साली आजच्या बेल्जियममधल्या मालिन गावी ओतलेली. ती पाहून मामांना भंडाऱ्याची आठवण झाली, आणि भूकही लागली.

शॅरिंग्टनला मूल नव्हतं. मिळकत भावाकडं आणि भावाकडून पुतणीकडं, ऑलिव्हकडं गेली. तिचं जॉन टॅल्बटवर प्रेम होतं आणि बापाला ते पसंत नव्हतं. गोष्ट अशी सांगतात की एका रात्री वरून त्याच्याशी बोलताना ती म्हणाली, मी खाली उडी मारते. त्याचा विश्वास बसेना. तिनं मारली. वाऱ्यानं घागरा फुगला म्हणून ती वाचली, पण पडली ती त्याच्या अंगावर आणि तो मेल्यासारखा निपचित झाला. बाप म्हणाला, एवढी उडी मारलीच आहेस तर कर लग्न. अशा रीतीनं टॅल्बट घराणं लेकॉकला आलं.

त्यानंतरची वंशावळ मी तिथल्या एका बाकावर बसून मामांना सांगत होते आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. एला ही मुलगी. ऑलिव्ह ही मुलगी. टॅल्बटांचा पुढचा वंश खुंटला तेव्हा मिळकत अॅन टॅल्बटच्या मुलाकडं गेली, त्यानं आईचं आडनाव लावलं. पुन्हा वंश खुंटला, पुन्हा मुलीकडून, मार्था टॅल्बटकडून, तिच्या मुलाकडं. त्यानंही आडनाव बदललं. आणि शेवटची मटिल्डा, तीही टॅल्बटांच्या मुलीची मुलगी. मुलगा असता तर मुलीला कुणी विचारलं नसतं, हे उघड आहे. थोरल्या मुलाला सगळं आणि बाकीच्यांना शुभेच्छा, असा त्यांचा कायदा. पण मुलगा नसला की जमीन मुलीच्या पदरातून पुढं सरकायची. सातशे वर्षं घर एकसंध राहिलं, त्यातल्या बऱ्याच नाजूक जागा बायकांनी सांभाळल्या.

मामा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्या दोघांमध्ये त्या बाकावर एक जुनं हक्कसोडपत्र बसलेलं होतं, पण त्याकडं नंतर येते.

टॅल्बटांपैकी जगाला माहीत असलेला तो विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट, म्हणजे मार्थाचा नातू. १८०० चा जन्म. गणित, वनस्पती, प्रकाश, लिप्या, सगळ्यांत डोकं. असीरियाच्या कीलाकार लिपीचं वाचन बरोबर आहे की नाही हे १८५७ मध्ये तपासलं गेलं, तेव्हा एकाच कोरीव लेखाची चौघांनी स्वतंत्र भाषांतरं केली होती. त्या चौघांत हा एक. फक्त चित्र काढता येत नव्हतं. १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी बायकोबरोबर फिरत असताना तो लोलकाच्या उपकरणानं दृश्य कागदावर गिरवायचा प्रयत्न करत होता आणि ते काही केल्या जमेना. हे दृश्य कागदावर आपलं आपण उमटलं तर, हा विचार त्याला तिथं शिवला. घरी आल्यावर त्यानं कागद मिठाच्या पाण्यात आणि मग चांदीच्या क्षारात बुडवून उन्हात धरायला सुरुवात केली. सुताराकडून छोट्या छोट्या लाकडी पेट्या करून घेतल्या, त्यांना भिंगं बसवली आणि घराभोवती जागोजागी ठेवल्या. बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची.

ऑगस्ट १८३५ मध्ये एका सापळ्यात खिडकी सापडली. मठाच्या दक्षिण अंगाच्या दालनातली, बाहेर डोकावणारी जाळीदार खिडकी. जगातली उरलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. टपालाच्या तिकिटाएवढा कागद. त्यावर टॅल्बटनं लिहून ठेवलं की नवीन असताना खिडकीतले काचेचे दोनेकशे चौकोन भिंगातून मोजता येत होते.

ती खिडकी आजही आहे. समोर उभं राहून बाहेर पाहिलं की हिरवळ दिसते. मठाचं चर्च जिथं होतं ती ही जागा, आणि जिच्यात खिडकी बसवलीय ती मुळात त्याच पाडलेल्या चर्चची भिंत. पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. ही खिडकी जुनी नव्हती. फोटोच्या आधी पाच-सात वर्षं टॅल्बटनं स्वतःच ती बसवून घेतली होती. सहाशे वर्षं जुन्या घरात राहणाऱ्या माणसानं जगातली पहिली टिकलेली निगेटिव्ह काढली ती आपण केलेल्या नव्या कामाची! घराची डागडुजी केल्यावर शेजाऱ्याला बोलावून टाइल्स दाखवणारे आमचे काका आणि हा, फार फरक नाही.

त्या काळी फोटोला बराच वेळ लागायचा. माणसं हलतात, कुत्री हलतात. घरं हलत नाहीत. म्हणून त्याच्या सुरुवातीच्या फोटोंत खिडक्या आहेत, छपरं आहेत, गवताची गंजी आहे, शिडी आहे. १८४४ च्या एका फोटोत तबेल्याचं उघडं दार आणि दाराला टेकवलेला खराटा आहे. एवढंच. फोटोत काय असावं याचे नियम अजून कुणी केले नव्हते.

त्याची पद्धत १८४१ मध्ये पेटंट झाली. कागदाची निगेटिव्ह, त्यामुळं वजनाला हलकी, आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती. ही विद्या आपल्याकडंही लवकर पोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी तिच्यात हौसेनं फोटो काढत होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारनं कॅप्टन बिग्जला कॅमेरा देऊन विजापूर, बदामी, ऐहोळेची देवळं आणि इमारती टिपायला पाठवलं, तेव्हा त्याच्याकडं टॅल्बटच्याच वळणाचे कागद होते. दख्खनच्या दगडी इमारतींचे पहिले फोटो या लेकॉकच्या खिडकीतून निघाले, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दुपारी जॉर्ज इन नावाच्या पबात बसलो. १३६१ पासून चालू आहे, असं पब सांगतो. शेकोटीपाशी भिंतीत एक लाकडी चाक आहे, खारीच्या पिंजऱ्यातल्या चाकासारखं, पण मोठं. त्यात एक आखूड पायांचं कुत्रं सोडायचे. कुत्रं पळालं की चाक फिरायचं आणि विस्तवावरचं मांस सगळीकडून सारखं भाजायचं. मामांना तोपर्यंतच्या सहलीत एवढं काहीच आवडलं नव्हतं. "त्याला खायला काय देत होते?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, वास.

त्या आजोबांशी मग बोलणं सुरू झालं. गावातच राहणारे. घर त्यांच्या मालकीचं नाही. गावात जवळपास कुणाचंच नाही. १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बटनं मठ आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. मॅग्ना कार्टाची प्रत ब्रिटिश म्युझियमला दिली. तेव्हापासून घरं ट्रस्टची, राहणारे भाडेकरू. त्याआधी टॅल्बटांची, त्याआधी शॅरिंग्टनची, त्याआधी मठाची. दाराला कुठला रंग द्यायचा हे ट्रस्ट सांगणार. खिडकी बदलायची तर परवानगी. उन्हाळ्यात लोक काचेला नाक लावून आत बघतात. एकदा तर आजोबा जेवत असताना एक कुटुंब दार उघडून सरळ आत आलं, म्युझियम समजून.

मी हे मराठीत सांगितलं. मामांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे अख्खं गाव एका सातबाऱ्यावर."

मग स्वतःच दुरुस्ती केली. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. पण मुद्दा तोच. "एक नाव. म्हणून उभं आहे. हे लोक काही आपल्यापेक्षा जास्त हौशी नव्हेत."

मी वाद घातला. निगा, निधी, कायदा, स्वयंसेवक, अभिमान. मामांनी ऐकून घेतलं. मला आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं, निदान ट्रस्ट येण्याआधीच्या सातशे वर्षांपुरतं. लोकरीचा धंदा गेला, मोठी रेल्वे १८४१ मध्ये चिपनमवरून गेली, लेकॉकला नवा पैसा आलाच नाही. ज्याला घर पाडून नवं बांधावंसं वाटलं असतं त्याला तो हक्क नव्हता, आणि ज्याला हक्क होता त्याला भाडं मिळत होतं, मग बांधायची घाई कुणाला? गावातली बहुतेक घरं अठराव्या शतकातली किंवा त्याआधीची. प्रेमापोटी राखलेली त्यांतली किती, कुणास ठाऊक. गरिबी आणि एकमालकी यांनी राखलेली बरीच. गावात एक जुनं अनाथगृहवजा कामघरही आहे, जिथं निराधारांना राबवून घ्यायचे. ते काही कुणी पिक्चर पोस्टकार्डावर छापत नाही.

आमचं आजोळ कृष्णेकाठी. बारा खणांचा वाडा, मधे चौक, चौकात तुळस. सोप्याचे चार खांब मला मिठी मारता येणार नाही एवढे जाड होते. पणजोबांना पाच मुलं. पाचांना मिळून सतरा. नमुना आठच्या उताऱ्यावर शेवटी सव्वीस नावं होती. त्यांतली काही माणसं पुण्यात, काही सुरतेत, दोन गेलेली, एक नाव कुणाचं ते कुणालाच सांगता येईना. पश्चिमेच्या दोन खणांचं छप्पर गळायला लागलं तेव्हा पत्रे कुणी घालायचे यावर बैठक झाली. ज्याच्या वाटणीत ते खण होते तो म्हणे, राहतात ते घालतील. राहणाऱ्यांचं म्हणणं, ज्याचे खण त्यानं घालावेत. कोर्टात गेलं. तीन पावसाळ्यांत माळवद बसलं. मग एका वर्षी, कोर्टाबाहेर, सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, लाकूड विकायचं. जुन्या लाकडाचा व्यापारी साताऱ्याहून ट्रक घेऊन आला. खांब, तुळया, कडीपाट, दाराच्या चौकटी. मोजमाप घ्यायला मामाच होते. घरात बांधकामातलं कळणारे तेच.

आता तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि आत घाणेरीचं रान. बांधायला कुणाला येत नाही, कारण जागेची केस चालूच आहे.

सव्वीस नावांत माझ्या आईचं नाव नव्हतं. असायला हवं होतं. तिनं त्याच्या कितीतरी आधी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. तलाठ्याच्या कचेरीपासून रिक्षानं घरी आल्यावर मामीनं तिची ओटी भरली, साडी दिली. हिरवी, मोठ्या काठांची. आई ती नेसायची आणि माहेरची म्हणून सांगायची. माझ्याकडं आहे आता. तिचं नाव उताऱ्यावर असतं तर वाडा वाचला असता असं मुळीच नाही. सत्तावीस झाली असती, एवढंच. पण त्या बाकावर एला आणि ऑलिव्ह आणि मटिल्डा अशी नावं घेताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण पबातून बाहेर पडल्यावर मामा एकदम म्हणाले, "तुझ्या आईला विचारायला पाहिजे होतं. सही घेतली, विचारलं नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वाड्याचा फोटो आहे का तुमच्याकडं? आहे, म्हणाले. धाकट्याच्या मुंजीतला. मलाही तो माहीत आहे. चाळीस माणसं दाटीवाटीनं उभी, पुढच्या रांगेत आम्ही पोरं, बायका कडेला. मागं वाडा असणारच. पण माणसांच्या डोक्यांवर एका खांबाचं टोक आणि तुळईचा वीतभर तुकडा, एवढाच दिसतो. एवढी वर्षं त्या घरात राहून कुणाला नुसत्या घराचा फोटो काढावासा वाटला नाही. घर काय, होतंच.

साडेचार वाजत आले होते. वेस्ट स्ट्रीटवर एका घराच्या दाराशी जॅमच्या बाटल्या आणि पैसे टाकायचा डबा ठेवलेला होता. मामांनी एक बाटली घेतली, किंमत तीनदा वाचून पैसे टाकले, डबा हलवून आवाज ऐकला. वाहनतळाकडं जायच्या वाटेवर ते म्हणाले, जरा कोठारातून जाऊ.

आत कुणी नव्हतं. पश्चिमेच्या दारातून ऊन तिरपं येऊन मातीवर पडलं होतं आणि वरच्या लाकडांचे सांधे एकेक उजळले होते. मी सवयीनं मधोमध जाऊन उभी राहिले, चेहरा उजेडाकडं, केस सारखे करून. मामांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला, वर केला, खाली केला. मग हातानं खूण केली.

"तू जरा बाजूला हो गं. तुळई दिसू दे."